नागगोळीला आवाज नाही म्हणून ती निर्धोक कशी?

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, यंदा बॉम्ब नाहीत, माळा नाहीत. पिल्लूसाठी नुसते शोभेचे आणलेत." पिल्लू सात वर्षांचा आहे आणि त्याच्या दप्तरात दम्याचा पंप असतो. कुठून सुचलं विचारलं, तर तिने सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज पाठवला. आवाज नसलेले फटाके मुलांना बिनधास्त द्या, नागगोळी म्हणजे साखर आणि सोडा, ज्योतीचे रंग खाण्याच्या रंगांचे, 'हिरवे' फटाके प्रदूषण करतच नाहीत, आणि गंधकाच्या धुराने डास-जंतू मरतात. तोच मेसेज आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही फिरतोय. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

नागगोळीपासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात घातक खोटं तेच आहे. पिठीसाखर आणि खायचा सोडा मिसळून, खाली स्पिरिट पेटवून काळा साप काढता येतो. तो शाळेतला प्रयोग आहे आणि तेवढ्यापुरतं मेसेजमधलं म्हणणं खरं. बाजारातली काळी गोळी वेगळी. ती डांबराच्या जातीच्या पदार्थांची असते, आणि असा पदार्थ अर्धवट जळला की जो दाट, पिवळट धूर निघतो तोच आपण अंगणात बघतो. फरशीवर राहणारा तो काळा डाग घासूनही का जात नाही, याचा विचार तरी करा.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने सहा प्रकारचे फटाके पेटवून धुरातले पीएम २.५ कण मोजले होते, म्हणजे अडीच मायक्रॉनहून लहान, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाणारे. एक घनमीटर हवेतला उच्चांक मायक्रोग्रॅममध्ये असा: भुईनळा ४,८६०, भुईचक्र ९,४९०, फुलबाजी १०,३९०, पुलपुल २८,९५०, हजाराची माळ ३८,५४०. आणि नागगोळी ६४,५००. सहांत पहिली, माळेच्याही वर. जागतिक आरोग्य संघटनेची तेव्हाची चोवीस तासांची मर्यादा २५ होती. उच्चांक आणि दिवसाची सरासरी एका मापाने मोजू नयेत, हे मला कळतं. पण नागगोळी पेटवणारं मूल करतं काय? उकिडवं बसतं, वाकतं आणि साप किती लांब आला ते नाक खाली नेऊन बघतं. त्या घटकेला त्याच्या श्वासात उच्चांकच जातो, सरासरी नाही. बॉम्ब लावून पोरं निदान लांब पळतात.

आता रंग. खाण्याचे रंग त्या आचेत टिकतच नाहीत, जळून जातात. ज्योतीला रंग देतात धातूंचे क्षार. भात उतू जाऊन खारं पाणी बर्नरवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते, तो मिठातला सोडियम. फटाक्यात लाल रंगासाठी स्ट्रॉन्शियम, हिरव्यासाठी बेरियम आणि निळ्यासाठी तांबं वापरतात. धातूचा अणू आचेने ऊर्जा घेतो आणि प्रकाशाच्या रूपात परत टाकतो, पण तो स्वतः संपत नाही. रंग विझला तरी धातू धुरात उरतोच. पाण्यात विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी घातली आणि २०२१ साली पुन्हा बजावलं.

'हिरवे' फटाके हे नाव ज्योतीच्या रंगावरून आलेलं नाही. नागपूरच्या नीरीने, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने, ते तयार केले आणि कण निदान ३० टक्के कमी करण्याचा त्यांचा दावा आहे. बरं, कमी तर कमी. पण उरलेल्या सत्तर टक्क्यांना 'प्रदूषणच नाही' म्हणायचं?

राहिले डास. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, आणि सुका मेवा टिकवायला तो वापरतात हे खरं. पण बंद डब्यातली गोष्ट उघड्या गच्चीवर लागू होत नाही. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात असतात, धूर त्यांच्यापर्यंत पोचतही नाही. तोच वायू दम्याच्या मुलाच्या श्वासनळ्या मात्र आवळतो.

आवाज नसला तर कानांना, तान्ह्या बाळांना आणि कुत्र्यांना आराम मिळतो. तेवढं त्या मेसेजच्या पदरात टाकते.

बहिणीला वरचे सहा आकडे पाठवले. नागगोळ्यांची पाकिटं तिने बादलीत भिजत घातली आहेत. फुलबाज्यांबद्दल अजून "बघते" एवढंच म्हणतेय.