टोटल लॉसचा वाद बाजारभावावर घालू नका, पॉलिसीतल्या आकड्यांवर घाला

गाडीचा मोठा अपघात होतो, गाडी वर्कशॉपमध्ये जाऊन पडते आणि आठ-दहा दिवसांनी विमा कंपनीकडून फोन येतो, "साहेब, टोटल लॉसमध्ये जातेय, पावणेचार लाखांत मिटवून टाकू." टोटल लॉस म्हणजे गाडी दुरुस्त न करता तिची किंमत देऊन क्लेम मिटवणं. अशा वेळी बहुतेक मालक जुन्या गाड्यांच्या साइट उघडून आपल्या मॉडेलचे भाव शोधायला बसतात. अमेरिकेत राहणारा भाऊ किंवा भाचा असेल तर तोही हाच सल्ला देतो, कारण तिथली विमा कंपनी अपघाताच्या आधीचा बाजारभाव धरते आणि तसल्याच गाड्यांच्या जाहिराती गोळा करून तिथे भांडता येतं. आपल्याकडे हा सल्ला उपयोगाचा नाही. आपल्याकडे बाजारभाव ठरलेला असतो तो पॉलिसी घेतानाच. पॉलिसीच्या पहिल्या पानावर तो आयडीव्ही (इन्शुअर्ड्स डिक्लेअर्ड व्हॅल्यू, म्हणजे विम्यासाठी जाहीर केलेली गाडीची किंमत) म्हणून छापलेला असतो.

मोटार पॉलिसीच्या अटींतच ही गोष्ट स्वच्छ लिहिलेली आहे: टोटल लॉसच्या दाव्यासाठी पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत आयडीव्ही हाच बाजारभाव मानायचा, त्यातून पुढे आणखी घसारा कापायचा नाही. पॉलिसीच्या पहिल्या आठवड्यात अपघात होवो की अकराव्या महिन्यात, आकडा तोच. म्हणून "आज ही गाडी बाजारात एवढ्याला जात नाही" हे वाक्य कंपनीकडून आलं तर एकच उत्तर द्यायचं: ही गोष्ट लेखी कळवा आणि पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली म्हणता तेही लिहा. माझ्या मते या एका ओळीच्या ईमेलने जितके क्लेम सरळ होतील, तितके तासभर फोनवर भांडून होणार नाहीत.

आयडीव्ही काढायची पद्धतही माहीत हवी. गाडी बनवणाऱ्या कंपनीची त्या मॉडेलची सध्याची एक्स-शोरूम किंमत घ्यायची आणि वयानुसार घसारा वजा करायचा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांपुढच्या आणि बंद झालेल्या मॉडेलची किंमत विमा कंपनी आणि मालक या दोघांनी मिळून ठरवायची असते. यात चूक होते ती व्हेरिएंटमध्ये. गाडी टॉप मॉडेल, ऑटोमॅटिक, आणि पॉलिसीत बेस मॉडेल मॅन्युअल. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट पॉलिसीत वेगळं दाखवलेलं नसतं. ही चूक अपघातानंतर सुधारून मिळत नाही, ती नूतनीकरणाच्या दिवशीच पकडावी लागते. ऑनलाइन नूतनीकरण करताना हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढलेला असतो आणि आपणही थोडक्या रुपयांच्या आनंदात तो तसाच ठेवतो. लाखभराचं नुकसान तिथेच स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं असतं, याची मला मनापासून चीड येते, कारण त्यापुढे कोणतंही कार्यालय काहीही करू शकत नाही.

आता खरं पाणी मुरतं तिथे येऊ. पॉलिसीची अट सांगते की दुरुस्तीचा खर्च, पॉलिसीच्या अटींना अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला तर गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, म्हणजे सीटीएल; ती दुरुस्त न करता टोटल लॉस धरायची. 'अटींना अधीन राहून' या शब्दांमुळे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने नेमलेले तपासनीस, वर्कशॉपचं एस्टिमेट जसंच्या तसं धरत नाहीत, सुट्या भागांचा घसारा कापून उरलेला आकडा धरतात.

एक हिशेब मांडून बघा. गाडी साडेतीन वर्षांची, आयडीव्ही ६,००,००० रुपये. ७५ टक्क्यांची रेषा ४,५०,०००. वर्कशॉपचं एस्टिमेट कराशिवाय ५,८०,०००. त्यात पत्र्याचे आणि धातूचे भाग २,८०,०००, प्लॅस्टिक, रबर आणि एअरबॅग १,६०,०००, काच २०,०००, मजुरी ८०,०००, पेंटिंग ४०,०००. या वयाला धातूवर २५ टक्के घसारा, म्हणजे २,१०,००० उरले. प्लॅस्टिक, रबर आणि एअरबॅगवर वय काहीही असो ५० टक्के, उरले ८०,०००. काचेवर घसारा नाही. मजुरीवर नाही. पेंटिंगच्या बिलात मालाचा भाग २५ टक्के धरून त्याच्या निम्मा कापतात, म्हणजे ५,००० गेले, ३५,००० राहिले. बेरीज ४,२५,०००. आयडीव्हीच्या जेमतेम ७१ टक्के. सर्व्हेअर म्हणणार, रेषा ओलांडली नाही, गाडी दुरुस्त करून घ्या.

पण थांबा, या बेरजेत जीएसटी कुठे आहे? १८ टक्के धरला की तोच आकडा ५,०१,५०० होतो, म्हणजे ८३ टक्क्यांच्या वर, आणि गाडी सरळ सीटीएल. मालक त्या कराचा परतावा घेणार नसेल तर कर हा त्याच्या खर्चाचाच भाग आहे. दुरुस्तीच करायची ठरवली तर वर्कशॉपचं बिल ६,८४,४०० म्हणजे आयडीव्हीपेक्षाही जास्त, आणि त्यातले निदान १,८२,९०० मालकाच्या खिशातून. असं असताना "दुरुस्त करून घ्या" हे गळी उतरवून घेऊ नका. सर्व्हेअरच्या कागदावर कर धरला आहे की नाही, हा पहिला प्रश्न विचारा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, असेल तर घसाऱ्याची कापाकापी होतच नाही, तिथे कराशिवायही हीच गाडी रेषेच्या पार जाते. झिरो डेप असताना घसारा कापलेली शीट पुढे आली तर ती परत पाठवा.

दुसरी जागा म्हणजे न उघडलेलं नुकसान. पहिलं एस्टिमेट बाहेरून बघून केलेलं असतं. बोनेट, बंपर, रेडिएटर, हेडलाइट दिसतात. चेसिस ओढायला लागणार आहे का, गिअरबॉक्सच्या माउंटिंगला तडा गेलाय का, वायरिंग हार्नेस दबलंय का, एअरबॅग उघडल्यावर त्यांचं कंट्रोल मॉड्यूल आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर बदलावे लागणार का, हे गाडी खोलल्याशिवाय कळत नाही. म्हणून सर्व्हेअरच्या समोर गाडी खोलण्याची लेखी मागणी करा आणि वर्कशॉपकडून पुरवणी एस्टिमेट घ्या. अनेक वाद इथेच संपतात, कारण हार्नेस आणि मॉड्यूलचे आकडे आले की ७५ टक्क्यांची चर्चाच उरत नाही. खोलण्याआधी कोपऱ्या-कोपऱ्यातून फोटो काढा, चेसिस नंबर आणि किलोमीटरचा आकडा त्यात येऊ द्या.

सीटीएल मान्य झाल्यावर भंगाराचा प्रश्न येतो आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच कापले जातात. पॉलिसीत शब्द असे आहेत की आयडीव्हीतून मोडक्या गाडीची किंमत वजा करून रक्कम द्यायची. व्यवहारात दोन रस्ते निघतात. मोडकी गाडी कंपनीच्या माणसाला दिली तर तुम्हाला पूर्ण आयडीव्ही, त्यातून सक्तीचा वजावट हिस्सा (१५०० सीसीपर्यंत १,०००, त्यावर २,०००) आणि तुम्ही स्वतःहून घेतलेला जादा हिस्सा असेल तर तोही वजा. गाडी तुम्ही ठेवली तर भंगाराची किंमतही वजा. वरच्या उदाहरणात कंपनीने भंगार २,२०,००० धरलं तर हातात ३,७९,००० येतात. पण प्रत्यक्षात घेणारा दीड लाखच देत असेल तर सत्तर हजार गेले.

हा भाव कसा निघतो? कंपनी गाडीचे फोटो ऑनलाइन लिलावात टाकते आणि भंगार घेणारे बोली लावतात. आरसीसह आणि आरसीशिवाय अशा दोन बोल्या असतात आणि त्यात मोठा फरक पडतो. तुमच्याकडून वजा करताना आरसीसहची चढी बोली धरली आहे का, ते तपासा. नंतर लेखी विचारा की ही बोली लावणारा कोण आहे, त्याची बोली किती तारखेपर्यंत वैध आहे, आणि तो त्याच भावाला गाडी उचलणार आहे का. उचलणार असेल तर त्याला थेट द्या, तुमची बेरीज पूर्ण होते. तो मागे हटला तर ती किंमत तुमच्यावर लादता येणार नाही, असं ठामपणे लिहा. हे पत्र साधं असू द्या: "आपण भंगाराची किंमत रु. २,२०,००० धरली आहे. या किमतीला गाडी घेणाऱ्याचं नाव व बोलीची मुदत कळवावी, अन्यथा गाडी ताब्यात घेऊन पूर्ण आयडीव्ही द्यावा."

जाता जाता एक गोंधळ दूर करतो. 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून मंजूर रकमेच्या ७५ टक्के देण्याचा जो प्रकार आहे, तो हा ७५ नव्हे. तो एखादी अट मोडल्याच्या आरोपावरून केलेला कट असतो. कोणती अट, कशी मोडली आणि अपघाताशी तिचा काय संबंध, हे लेखी मागा.

वेळेचंही बोलू. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर कळवल्यापासून २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय. म्हणून क्लेम कळवल्याची तारीख आणि वेळ मेसेजसकट जपून ठेवा. अहवालाची प्रत मागा. तो अहवाल अंतिम शब्द नाही, तो कंपनीवरही बंधनकारक नाही आणि मालकावरही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलेलं आहे. तुम्ही स्वतः परवानाधारक सर्व्हेअर लावून दुसरा अहवाल करून घेऊ शकता, वाद लाखात असेल तर ती फी वसूल होते. दरम्यान वर्कशॉप रोजचं पार्किंग लावतं, ते कोण देणार, हेही पहिल्याच आठवड्यात ईमेलवर विचारून ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात. म्हणून उरलेल्या कर्जाचं पत्रक लगेच घ्या आणि क्लेम अडला तरी हप्ता थांबवू नका.

डिस्चार्ज व्हाउचरवर सही केली म्हणजे सगळे हक्क संपले, अशी भीती घातली जाते. नियामकाने २०१५ मध्येच कळवलं आहे की त्या सहीमुळे जास्त रक्कम मागण्याचा हक्क जात नाही. तरीही सहीच्या आधी किंवा त्याच दिवशी "रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारत आहे" असा ईमेल करावा, पुढे सिद्ध करायला सोपं जातं.

कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, उत्तर नाही किंवा पटलं नाही तर महिन्यानंतर विमा लोकपाल. नकाराच्या एका वर्षाच्या आत जावं लागतं, फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाख. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. दोन वर्षांची मुदत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. आयोगात गेल्यावर त्याच प्रकरणात लोकपालाकडे जाता येत नाही, म्हणून क्रम विचार करून ठरवा. एस्टिमेट, सर्व्हे शीट आणि भंगाराची बोली एवढीच कागदपत्रं असलेल्या आकड्यांच्या वादाला लोकपाल जास्त सोयीचा, असं माझं मत आहे. साक्षीपुरावे, अट मोडल्याचे आरोप असतील तर आयोग बरा.

आणि मोडकी गाडी देताना घाई करू नका. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून गाडी सोडणारे लोक आहेत आणि तिचा चेसिस नंबर पुढे चोरीच्या गाडीवर उमटू शकतो. नोंदणी तुमच्या नावावर राहिली तर पुढच्या अपघाताची जबाबदारीही तुमच्याच गळ्यात येऊ शकते. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरून घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. गाडी मोडीत निघणार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करा. गाडी उचलायच्या आधी काचेवरचा फास्टॅग काढून बंद करून घ्या.