चौदा काठ्या आणि एक कंबर

पुण्यात "मी हल्ली रोज सकाळी येरवड्याला जातो" असे सांगितले की ऐकणारा क्षणभर थबकतो. येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे आणि मनोरुग्णालयही आहे. त्यामुळे त्याच्यापुढे दोनच शक्यता उभ्या राहतात आणि माझ्याकडे नीट पाहून तो बहुधा दुसरीची निवड करतो. तेथे गोल्फचे मैदानही आहे, हे मी घाईघाईने सांगतो. पण मी त्या मैदानावर नेमके काय करतो याचे वर्णन ऐकल्यावर त्याचा आधीचा अंदाज फारसा ढळत नाही, असा माझा अनुभव आहे.

क्रिकेट खेळून मोठ्या झालेल्या माणसाला हा खेळ अपमानास्पद वाटावा इतका सोपा दिसतो. चेंडू कोणी टाकत नाही, तो वळत नाही, उसळत नाही, यष्टिरक्षक मागून टोमणे मारत नाही. जेमतेम ४६ ग्रॅमचा तो पांढरा ऐवज गवतावर निमूटपणे पडून असतो आणि त्याला केव्हा मारायचे हे सर्वस्वी आपल्या मर्जीवर असते. कपिल देव निवृत्तीनंतर या खेळात रमले हे वाचून मला धीर आला होता आणि गल्लीत टेनिसच्या चेंडूवर मारलेल्या षटकारांचे भांडवल येथे उपयोगी पडेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तेच भांडवल माझ्या मुळावर आले. आडव्या बॅटने चेंडू ओढण्याची सवय लागलेले माझे खांदे येथेही सर्वांच्या आधी फिरतात, क्लब, म्हणजे हातातली काठी, बाहेरून आत येतो, त्याचे तोंड, म्हणजे चेंडूला लागणारा भाग, उघडे राहते आणि चेंडू थोडा वेळ सरळ जाण्याचे नाटक करून उजवीकडे निघून जातो.

या विकाराला स्लाइस म्हणतात आणि त्याच्या शास्त्रावर मी आता व्याख्यान देऊ शकेन. तो थांबवता तेवढा येत नाही. क्लब आणि चेंडू यांचा संपर्क अवघा अर्धा मिलिसेकंद टिकतो. तेवढ्या अवधीत क्लबचे तोंड एकीकडे आणि क्लबचा मार्ग दुसरीकडे असला, तर चेंडूच्या फिरकीचा अक्ष कलतो आणि एरवी चेंडूला हवेत तरंगत ठेवणारे त्याच्या अंगावरचे खळगे तितक्याच इमानाने त्याला आडवाटेला नेतात. यातील सर्वांत क्रूर भाग पुढेच आहे. चेंडू उजवीकडे जातो म्हणून शहाणा माणूस डावीकडे नेम धरतो. तसे केले की क्लब आणखी बाहेरून आत येतो आणि चेंडू आणखी उजवीकडे जातो. म्हणजे व्यवहारज्ञान वापरल्याबद्दल या खेळात दंड आहे. शेजारच्या फेअरवेवरची, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरची, मंडळी आता मला चेहऱ्याने ओळखतात. त्यांच्यातील एक निवृत्त ब्रिगेडियर तर मला झाडीतून बाहेर येताना पाहून "या, आज लवकर आलात" असे म्हणतात. हरवलेला चेंडू शोधण्यासाठी पूर्वी नियमाने पाच मिनिटे मिळत असत, ती २०१९ पासून तीन करण्यात आली; जगभरात माझ्यासारख्यांच्या मागे खोळंबलेल्या लोकांनीच ही सुधारणा करवून घेतली असावी, असा मला दाट संशय आहे.

अखेर मी प्रशिक्षक धरले. ते लहानपणी कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारे, होते. आपल्याकडे या खेळातील खरी विद्या पुष्कळदा याच वाटेने आली आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हेही कॅडीचे काम करतच वर आले. त्यामुळे प्रशिक्षकांविषयी मला मनापासून आदर आहे आणि त्यांच्या सूचनांच्या संख्येमुळे तो कमी झालेला नाही. डावा हात सरळ हवा, पण ताठ नको, उजवे कोपर बरगडीजवळ हवे, पण चिकटलेले नको, वजन आधी उजव्या पायावर आणि मग डाव्या पायावर गेले पाहिजे, मात्र डोके जागचे हलता कामा नये, खाली येताना कंबर आधी फिरली पाहिजे, खांदे तिच्या मागून आले पाहिजेत, मनगटे सर्वांत शेवटी सुटली पाहिजेत, आणि हे सगळे चालू असताना, "सर, डोक्यात अजिबात विचार आणायचा नाही." वर नेलेला क्लब चेंडूपर्यंत यायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. सकाळी मोजे घालण्यासाठी वाकायचे असले तरी पूर्वसूचना मागणाऱ्या माझ्या कमरेने त्या पाव सेकंदात पुढाकार घ्यावा, ही अपेक्षा मला तेव्हाही धाडसी वाटली होती.

ग्रिपच्या बाबतीत तर त्यांनी मला काव्यात सांगितले. "क्लब असा धरा, सर, जणू हातात पक्ष्याचे पिल्लू आहे. त्याला लागताही कामा नये आणि ते सुटताही कामा नये." मी इतक्या ममतेने धरले की पुढच्याच फटक्याला पिल्लू उडाले आणि ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, चेंडूपेक्षा बरेच पुढे जाऊन पडले. ते आणायला रेंजवरील सर्वांना मारणे थांबवावे लागले. हातात क्लब नसलेला मी, आणि हातात क्लब असलेले, माझ्याकडे पाहत उभे असलेले इतर सगळे, असे ते दृश्य बराच वेळ टिकले.

स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची माझी पद्धत, पुन्हा पायापासून बांधायला हवी, असे प्रशिक्षकांनी जाहीर केले तेव्हा मी नाराजी दाखवली. त्यावर त्यांनी टायगर वूड्सचा दाखला दिला. १९९७ मध्ये मास्टर्स ही स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकाने जिंकल्यानंतर त्या गृहस्थाने आपला स्विंग समाधानकारक नाही असे ठरवून तो मोडून पुन्हा घडवला, ही गोष्ट खरी आहे. पण मोडण्यासाठी त्याच्याकडे आधी स्विंग होता, हा मुद्दा प्रशिक्षकांनी विचारात घेतला नाही. मग मी जिम फ्युरिक या अमेरिकी गोल्फरचे नाव काढले. त्याचा क्लब वर जाताना एक वळसा घेतो आणि खाली येताना दुसरा, पाहणाऱ्याला वाटावे की हा माणूस फटका मारत नसून माळ्यावरचे जळमट काढतो आहे. तरीही २०१६ मध्ये त्याने १८ होल ५८ फटक्यांत संपवून पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेतला विक्रम केला. "मग माझ्याच कोपराने काय घोडे मारले आहे?" असे मी विचारले. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "सर, ते कसेही फिरले तरी चेंडूपाशी बरोबर येतात. तुम्ही चेंडूपाशी येतच नाही."

मैदानावर प्रशिक्षक नसतात, तेथे कॅडी असतो, आणि त्याच्याकडे सर्व आजारांवर एकच औषध आहे. चेंडूच्या डोक्यावर फटका बसून तो गवतातून सरपटत गेला तरी "साहेब, मुंडी वर आली". क्लब आधी जमिनीत घुसून मातीचे ढेकूळ चेंडूपेक्षा लांब गेले तरी "साहेब, मुंडी वर आली". एकदा मी फटका मारण्याआधी नुसता उभा होतो, तेव्हाही त्याने सवयीने तोंड उघडले आणि मिटले. जाणकार सांगतात की मान उचलणे हे मूळ दुखणे नसून धड आधीच वर उठल्याची ती खूण असते. असेल. पण कॅडीच्या सल्ल्यात एक मोठा गुण आहे, तो म्हणजे तो एकच असतो, आणि पाव सेकंदात माझ्या मेंदूत त्याहून अधिक काही मावत नाही.

स्विंग सुधारत नाही असे दिसले की मध्यमवर्गीय मनुष्य सामानाकडे वळतो. आमच्या ओळखीच्या गोल्फरांपैकी निम्म्यांनी ज्या दुकानाची शिफारस केली होती, तेथे मी गेलो. भिंतीला जाळी आणि पडदा, जमिनीवर हिरवी चटई, आणि बाजूला क्लबचा वेग, चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन व फिरकी मोजणारे एक यंत्र होते. या चटईविषयी येथेच सांगून टाकतो: तिच्यावर क्लब चेंडूच्या आधी टेकला तरी घसरून पुढे जातो आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो. गवत असे खोटे बोलत नाही, म्हणून दुकाने चटईवर चालतात. काही चेंडू मारून झाल्यावर तेथील तरुणाने पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिले आणि ज्या वाक्यासाठी जगातील कोणताही हौशी गोल्फर पाकीट उघडेल ते वाक्य उच्चारले. "सर, तुमच्या स्विंगमध्ये काही वाईट नाही. तुमचा शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, चुकीचा आहे."

शाफ्टच्या लवचीकतेला अक्षरे असतात. वेगवान स्विंगवाल्यांसाठी 'स्टिफ', सर्वसामान्यांसाठी 'रेग्युलर' आणि त्याहून संथ वेगासाठी 'सीनिअर'. कोणाचा 'रेग्युलर' किती वाकावा याचे उद्योगात एकच प्रमाण नाही. एका कंपनीचा 'रेग्युलर' दुसरीच्या 'स्टिफ'सारखा असू शकतो. तरीही प्रत्येक पुरुष दुकानात शिरतो तो आपण 'स्टिफ' आहोत अशा खात्रीने. त्या तरुणाने मला मृदू आवाजात 'सीनिअर' सुचवला. एस.टी.मध्ये ज्येष्ठ नागरिकाला निदान तिकिटात सवलत मिळते. येथे ज्येष्ठत्वाचे पूर्ण पैसे मोजावे लागतात. मी तडजोड म्हणून 'रेग्युलर' घेतला आणि त्याने ती तडजोड चेहऱ्यावर काहीही न दाखवता बिलात लिहिली.

मग त्याने मला नवीन ७ नंबरचे आयर्न, म्हणजे धातूच्या पात्यासारख्या तोंडाचा क्लब, दिले आणि मी माझ्या जुन्या ७ नंबरपेक्षा पंधरा-वीस यार्ड लांब चेंडू मारला. मी हरखलो. घरी येऊन वाचल्यावर उलगडा झाला. आयर्नचा नंबर लहान तितका त्याच्या तोंडाचा कल कमी, आणि कल कमी तितका चेंडू लांब. जुन्या काळी ७ नंबरच्या तोंडाचा कल, म्हणजे लॉफ्ट, ३६-३८ अंशांच्या घरात असे. हौशी लोकांसाठीच्या आजच्या अनेक संचांत तो ३० अंशांच्या आसपास, क्वचित त्याहूनही कमी असतो. थोडक्यात, मला जुन्या पाच नंबरवर सात हा आकडा कोरून दिला होता. एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक आयर्न असे उभे करत नेल्यावर पिचिंग वेज हा जवळच्या उंच फटक्यांचा क्लबही उभा होतो, तो आणि वाळूतून चेंडू काढण्याचा ५६ अंशांचा सँड वेज यांच्यामध्ये भगदाड पडते, आणि ते बुजवण्यासाठी गॅप वेज नावाचा एक स्वतंत्र क्लब विकत घ्यावा लागतो. भगदाडही त्यांचे आणि गवंडीही त्यांचाच. विक्रीकलेचा याहून निर्मळ नमुना मी पाहिलेला नाही, आणि हे मी आयुष्यभर बँकेत कर्जे वाटलेला माणूस म्हणून बोलतो आहे.

पिशवीत १४ पेक्षा अधिक क्लब नसावेत असा नियम अमेरिकेत १९३८ मध्ये आणि त्यानंतर लगेच ब्रिटनमध्ये आला. खेळाडू कॅडीच्या पाठीवर याहून कितीतरी जास्त ओझे लादू लागले होते, म्हणून ही मर्यादा. मी १४ पर्यंत सहज पोहोचलो. आमच्या घरी तो संच हॉलमध्ये मांडला तेव्हा सौभाग्यवतींनी चष्मा लावून एकेक क्लब उचलून पाहिला, कोणता कशासाठी हे ऐकून घेतले आणि मग विचारले, "अहो, यातली सरळ मारायची कोणती?"

वास्तविक तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या पिशवीत होते. दुकानदाराने मला स्लाइस करणाऱ्यांसाठीच घडवलेला ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, दिला होता: वजन त्याच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, सरकवलेले, तोंड किंचित मिटलेले, जेणेकरून माझा चुकीचा स्विंग आणि त्याचे वाकडे तोंड यांची बेरीज सरळ यावी. आणि ती आली. पहिल्या सकाळी चेंडू फेअरवेच्या मधोमध जाऊन पडला तेव्हा मी इतका चकित झालो की सवयीने उजवीकडच्या झाडीकडे चालू लागलो. ब्रिगेडियर साहेबांनी पलीकडून "बरे आहे ना?" असे विचारल्याचे ऐकू आले.

हे सुख टिकले असते. परंतु प्रशिक्षकांचे शिकवणे तिकडे चालूच होते आणि दुर्दैवाने ते मला समजू लागले. एके दिवशी खाली येताना माझी कंबर खरोखरच आधी फिरली, क्लब आतून आला, तोंड वेळेवर मिटले. आणि मुळात मिटलेल्या तोंडाचा तो ड्रायव्हर आणखी मिटून चेंडू डावीकडे, जिथे मी यापूर्वी कधीच पाऊल ठेवले नव्हते अशा काटेरी प्रदेशात गेला. जितका स्विंग सुधारला तितका चेंडू डावीकडे जाऊ लागला. प्रशिक्षकांनी ड्रायव्हर हातात घेऊन त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, हा क्लब तुमच्यासाठी नाही. कोणी दिला?" मी दुकानात गेलो. तो तरुण आकडे पाहून दुखावल्यासारखा झाला. "सर, तुम्ही स्विंग बदललात? आम्हाला आधी सांगायचे ना." नवीन स्विंगला शाफ्टही वेगळा लागेल, असे त्याने सुचवले, आणि दोन वर्षांत प्रथमच 'स्टिफ' हा शब्द माझ्या संदर्भात उच्चारला. तो शब्द ऐकून माझा हात पाकिटाकडे गेला, हे लपवण्यात अर्थ नाही.

जुना ड्रायव्हर मी आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना विकला. ते माझ्यानंतर खेळायला लागले आणि त्यांचा चेंडू माझ्यापेक्षाही उजवीकडे जातो, त्यामुळे ही वस्तू त्यांना लागू पडेल हे मला ठाऊक होते. इतकी लागू पडेल हे ठाऊक नव्हते. कोपर बाहेर, मान वर, वजन मागच्या पायावर, अशा अवस्थेत ते क्लब फिरवतात आणि चेंडू रेघ मारल्यासारखा सरळ जातो. सलग काही रविवार त्यांनी मला हरवले आहे, आणि दर वेळी पिशवीत तो ड्रायव्हर ठेवताना ते "चांगला क्लब दिलात हो" असे सोसायटीच्या सभेत ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणतात. परवा मी प्रशिक्षकांना खजिनदारांचा स्विंग लांबून दाखवला. प्रशिक्षक हळहळले आणि म्हणाले की यांना पायापासून शिकवायला हवे. खजिनदार खर्चाच्या बाबतीत काटेकोर असल्यामुळे आधी कां-कूं करत होते. म्हणून त्यांच्या पहिल्या महिन्याची फी मी स्वतःच भरली आहे.