बॉक्स्टरचं तेल घरीच बदलणाऱ्यांसाठी काही मौलिक सूचना

अभिनंदन! पुण्या-मुंबईच्या दोन मालकांनी पुरेपूर हौस भागवून सोडलेली पोर्शे बॉक्स्टर तुम्ही मराठवाड्यात आणलीत. २०१० साली औरंगाबादेत एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या, तेव्हा सगळ्या देशाने तोंडात बोटं घातली होती. तुमची एकटीच आली, पण गल्ली तर जागी केली. मग सर्व्हिसिंगचा आकडा ऐकला, पोटात गोळा आला आणि ठरलं, की तेल आपणच बदलायचं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून झालाय. एक बोल्ट, एक फिल्टर, झालं! या शुभकार्यात काही कमी पडू नये म्हणून चार शब्द.

सुरुवात तेलापासून करू. गाडीच्या पुस्तकात पोर्शेच्या ए-४० मंजुरीचं ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० तेल लिहिलेलं असतं. ते मनावर घेऊ नका, ते जर्मनीच्या थंडीसाठी आहे. आपल्याकडे परभणीला मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळिसावर जातो, तेव्हा घट्ट तेलच पाहिजे, असं मोंढ्यातल्या दुकानदाराने सांगितलंच असेल. त्याच्याकडे ट्रॅक्टरला जाणारं १५डब्ल्यू-४० बॅरलमध्ये सुटं मिळतं, तेच घ्या. आता १५डब्ल्यू-४० मधला ४० आणि ५डब्ल्यू-४० मधला ४० हा एकच ४० असतो, म्हणजे इंजिन तापल्यावर दोन्ही तेलांचा घट्टपणा एकाच पट्ट्यात येतो, ही गोष्ट त्याला सांगून त्याचा धंदा बिघडवू नका. फरक पडतो तो पहाटे गाडी चालू करताना. घट्ट तेल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि या इंजिनाचे हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) आणि कॅमशाफ्टचं टायमिंग पुढे-मागे करणारी यंत्रणा तेलाच्या दाबावरच चालते. टॅपेट खडखडले तर समजा, की गाडी तुमच्याशी बोलायलीय.

तेल किती? साडेतीन लिटरचा एक डबा. स्विफ्टला पुरतो, तर हिला का नाही पुरणार! सहा आडव्या सिलिंडरांचं इंजिन फिल्टरसकट आठ लिटरच्या आसपास तेल पितं, मॉडेलप्रमाणे पाव-अर्धा लिटर इकडेतिकडे. हे ऐकून दुसरा धक्का बसेल. तो बसू द्या.

बॉनेट उघडल्यावर आत इंजिन दिसलं नाही तर पोलिसात जाऊ नका. तिथे डिकी आहे. इंजिन सीटच्या मागे आहे आणि तेल भरायचं तोंड मागच्या डिकीत. त्याच्या शेजारीच कूलंटचं झाकण आहे. दोन्हींवर चित्रं काढलेली आहेत, ती बघत बसू नका, जे आधी उघडेल त्यात ओता.

गाडी उचलायला चार विटा. खाली झोपण्याआधी विम्याचा हप्ता भरून ठेवा.

जॅक कुठे लावायचा हे विचारूच नका. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दोन्ही बाजूंना, जॅक लावायच्या ठरलेल्या जागा आहेत, पण तिथपर्यंत वाकणार कोण? गाडी जमिनीपासून जेमतेम वीतभर. सरळ चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला लावा. चेंबर ॲल्युमिनियमचा आहे, लाकडाची फळी न लावता दाबला की पिचतो, आणि मग ड्रेन बोल्ट काढायचीसुद्धा गरज उरत नाही. तेल आपणहून येतं.

आता तो बोल्ट. इथे जरा सविस्तर बोलायलाच पाहिजे, कारण परवाच एक बॉक्स्टर वर उचलली आणि खालून जे दिसलं ते पाहून हातातली बॅटरी खाली ठेवावी लागली.

ड्रेन बोल्टला आत षटकोनी खाच असते, आठ मिलिमीटरची. आठ. साडेसात नाही, "जी बसेल ती" नाही. इथे कुणीतरी ५/१६ इंची एलन की घातलेली. ती ७.९४ मिलिमीटर भरते, म्हणजे बसते, थोडी डुलते, पण बसते. मग बोल्ट हलेना म्हणून तिच्या टोकाला पाइप लावला. खाच गोल झाली. मग छन्नी लावून कडेवर हातोडी मारली. बोल्ट निघाला, तेल काढलं, इथवर तरी ठीक म्हणू. पण तोच गोल झालेला, कडेला छन्नीचे घाव असलेला बोल्ट परत लावला! नवा बोल्ट किती महाग असतो हो? आणि त्याखालचा ॲल्युमिनियमचा वायसर, जो एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो, जो दर वेळी नवा टाकायचा असतो, तो जुनाच. आधीच चपटा झालेला, बोल्टच्या मानेला चिकटलेला, कागदासारखा. तो गळणारच. गळला म्हणून आणखी आवळला. ५० न्यूटन-मीटरला थांबायचं असतं, हे सांगणारा टॉर्क रेंच म्हणजे चैन, आपल्या हाताला अंदाज असतो ना! अंदाजाने आवळला, बोल्ट पोलादी, चेंबर ॲल्युमिनियमचा, आटे सोलून निघाले. मग काय केलं असेल? नळवाल्याची पांढरी टेफ्लॉन टेप. आट्यांवर गुंडाळली, बोल्ट पिरगाळला, वरून एम-सील थापलं. "आता काय नाय होत, लैच टाईट झालंय!" ज्या गाडीचं इंजिन गेलं तर त्याच्या किमतीत नवी स्विफ्ट येईल, ती गाडी टेपच्या भरवशावर समृद्धी महामार्गावर पळवायलेत ही माणसं. टेपचा तुकडा आत गेला की तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो. एम-सीलचा कण तेलाच्या बारीक वाटेत अडकतो. दाब पडतो. आणि बेअरिंग काही वॉरंटी कार्ड वाचून जळत नाही.

यावर खरा उपाय आहे आणि तो अवघड नाही. आटे गेले की हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी बसवायची. चिकलठाणा किंवा वाळूजच्या एमआयडीसीत नीट काम करणारा लेथवाला हे करून देतो, पण चेंबर खोलून करा. चेंबर न खोलता आटे पाडले तर ॲल्युमिनियमचा कीस आत पडतो. आटे पाडणाऱ्या टॅपला ग्रीस लावलं तरी थोडा पडतोच. चेंबर परत बसवताना जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढायचं, नव्याची पट्टी पातळ द्यायची आणि ते पुरतं सुकेपर्यंत तेल भरायचं नाही. हे सगळं टाळायला काय लागतं? एक आठ मिलिमीटरची चांगल्या पोलादाची षटकोनी गोटी (सॉकेट), एक टॉर्क रेंच आणि एक वायसर.

फिल्टरचं सोपं आहे. खाली प्लॅस्टिकचा डबा लटकतो, त्यात कागदी फिल्टर. डब्याला ७४ मिलिमीटरची, खोबण्या जुळणारी टोपी लागते. ती नसेल तर चेन पाना लावा. प्लॅस्टिक तडकलं की किमान कुठे तडकलं ते तरी कळेल. जुना रबरी ओ-रिंग तिथेच चिकटून राहिला असेल तर राहू द्या, वरून नवा घाला, एकापेक्षा दोन बरे. एकावर एक रिंग चढली की गाडी चालू केल्याबरोबर तेल फवाऱ्यासारखं बाहेर येतं, मुलं खूश होतात. खरं तर नव्या रिंगला बोटाने तेल लावून बसवायचं, डबा हाताने फिरवत न्यायचा आणि २५ न्यूटन-मीटरला थांबायचं. पण एवढा धीर कुणाला!

काढलेला फिल्टर लगेच फेकून द्या. बघू नका. कारण बघितलंत तर झोप उडेल. २००८ पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग असतं, त्याला सगळे आयएमएस म्हणतात. ते झिजायला लागलं तर पहिली बातमी फिल्टरच्या घड्यांत येते. फिल्टरचा कागद कापून, उन्हात पसरून बोटाने चाचपला की चमचमणारे कण दिसतात. लोहचुंबकाला चिकटले तर लोखंड, म्हणजे गाडी तिथेच उभी करायची. चिकटले नाहीत तर बहुधा ॲल्युमिनियम, तेही चांगलं नाहीच. तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे असतील तर टायमिंग चेनच्या गाइडचे. हे बेअरिंग फुटलं तर टायमिंग जातं, पिस्टन व्हॉल्व्हला भेटतो आणि गाडीचं भंगार जालन्याच्या भट्ट्यांच्या लायकीचं होतं. घरी तेल बदलण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की फिल्टर स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो. तोच तेवढा वगळा.

इंजिन गार असतानाच तेल काढा. पाच मिनिटांत बोल्ट लावून टाका. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून तेल पातळ करायचं, मग गाडी सपाट ठेवून निदान वीस मिनिटं निथळू द्यायचं, ही रिकामटेकड्यांची कामं.

भरताना पुस्तकातला आकडा एकदम ओता आणि वर अर्धा लिटर "सेफ्टी" म्हणून. सव्वासात लिटर टाकून, इंजिन तापवून, बंद करून, तेल खाली उतरू देऊन मग माप बघायचं आणि उरलेलं थोडं थोडं टाकायचं, असं म्हणणारे लोक भित्रे असतात. काही मॉडेलांत डिपस्टिकच नाही, काट्यांजवळच्या पडद्यावर दाखवतात तेच माप, आणि ते गाडी उतारावर असेल तर खोटं निघतं. जास्त झालेलं तेल हवा आणि तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधून हवेच्या वाटेला लागतं आणि मागून निळा धूर निघतो. शेजाऱ्याला सांगा, गणपतीची तयारी आहे.

गाडी वर्षभरात फक्त दसऱ्याला आणि लग्नात फिरते म्हणून तेल चार वर्षं बदलू नका.

आणि शेवटी ते काळं तेल. आठ लिटर. त्याचं काय करता? प्लॉटच्या मागे नाला आहे, कोरडाच आहे, ओता. शेतात बांधावरच्या खांबांना वाळवीसाठी चोपडा. बांधकामवाला ओळखीचा असेल तर सेंटरिंगच्या प्लेटांना द्या, तो खूश, तुम्ही मोकळे. बोअरवेलच्या शेजारी खड्डा खणला तर कुणाला दिसतही नाही.

नाही, हे मला गमतीत लिहिता येईना. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याच मराठवाड्यात, जिथे बोअर चारशे-पाचशे फुटांवर जाऊनही धूळच ओकतो, तिथे तुम्ही जमिनीत आठ लिटर जळकं तेल ओतता? त्या तेलात इंजिनातून झिजलेला धातू असतो, जळालेल्या इंधनाची घाण असते, ते पाण्याबरोबर वाहून जात नाही, पाण्यावर पसरतं आणि मातीत मुरतं. नाला आज कोरडा आहे, जूनमध्ये नसेल. तो खाम नदीला जातो, नाहीतर दुसऱ्या कुठल्या ओढ्याला, आणि पुढे गोदावरीलाच. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल नावानिशी आहे, पण तुम्हाला नियम कशाला सांगायचा? तुम्ही गाडी घेतलीत पंधरा-वीस लाखांची, आणि पाच लिटरचे दोन डबे उचलून गॅरेजपर्यंत नेण्याचा कंटाळा येतो?

नवं तेल ज्या डब्यांतून आलं त्याच डब्यांत जुनं परत भरा, चाळणीचं नरसाळं लावून. फिल्टर रात्रभर उलटा ठेवा, त्यातलं तेलही त्यातच. कूलंट किंवा पेट्रोल त्यात मिसळू नका, मिसळलं तर घेणारा घेत नाही. मग अधिकृत रिसायकलरला तेल देणारं एखादं वर्कशॉप शोधा, मोठ्या सर्व्हिस सेंटरांत पिंप ठेवलेलं असतं, आणि तिथे ते नेऊन द्या. आणि डब्यावर मार्करने ठळक लिहा, "जुनं तेल", नाहीतर पुढच्या महिन्यात घरातलंच कुणीतरी "चांगलं आहे की" म्हणत ते ट्रॅक्टरमध्ये ओतेल.