काळी पाचची काळी चार

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी गातात. यंदा त्यांनी स्वतः लिहून स्वतःच चाल लावलेलं गाणं काढलं आणि साथीला मला धरलं, कारण मी तापकीर गल्लीतून कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडायची यूएसबी-मिडी केबल घेऊन येताना सेक्रेटरी काकांनी लिफ्टमध्ये बघितलं होतं. कोथरूडात एखादी गोष्ट लिफ्टमध्ये कळली की संध्याकाळपर्यंत तिची कमिटी होते.

तर पंधरा दिवस ऑफिसमधून आल्यावर बसून मी पेटी, स्ट्रिंग्ज म्हणजे व्हायोलिनचा ताफा, बास, ड्रम असं सगळं कॉम्प्युटरवर बसवलं, काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा सा धरून, कारण काकूंनी छातीठोकपणे सांगितलं होतं की माझी काळी पाच. गणपतीला आठ दिवस उरले आणि काकूंचा घसा बसला.

"अरे, काही नाही, फक्त काळी चार कर. तुमचं काय, बटण दाबलं की झालं."

आता गंमत अशी की काकूंचं म्हणणं खरं होतं आणि तेच वाईट झालं. मिडीमध्ये आवाज नसतोच, नुसत्या सूचना असतात, कुठली पट्टी, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली, म्हणजे केटररला दिलेली यादी म्हणा, जेवण नाही. आणि प्रत्येक पट्टीला नंबर, शून्य ते १२७. काळी पाचची काळी चार म्हणजे, मधली पांढरी धरून, सगळ्या नंबरांतून दोन वजा. मी सिलेक्ट ऑल केलं, वजा दोन मारलं, तीन सेकंदात काम झालं, चहा टाकला आणि प्ले दाबलं.

पेटी छान उतरली होती, बास पण उतरला होता, पण ड्रमच्या जागी काहीतरी भयंकर चाललं होतं. कारण ड्रमच्या ट्रॅकवर नंबर म्हणजे सूर नसतो, वाद्य असतं! ३६ म्हणजे बास ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ५४ म्हणजे टॅम्बुरिन, जे मी बिचाऱ्या टाळांच्या जागी वापरलं होतं. वजा दोन केल्यावर स्नेअर होता तिथे बास ड्रम आला, मूळचा बास ड्रम ३४ वर जाऊन पडला जिथे काहीच नसतं त्यामुळे तो गप्पच झाला, आणि टाळ गेले ५२ वर. ५२ म्हणजे चायनीज सिंबल. गणपतीच्या गाण्यात दर मात्रेला चायनीज सिंबल म्हणजे आरती चालू असताना शेजारी मंचूरियनची गाडी लागल्यासारखं. ड्रम परत दोन वर नेले. चहा गार झाला होता तो तसाच प्यायलो.

मधल्या मधे मुलगी डोकावून म्हणाली, "बाबा, तुझी पेटी मागेपुढे होतीये, क्वांटाइझ कर ना." क्वांटाइझ म्हणजे सगळ्या नोटा, म्हणजे वाजवलेले सूर, तालाच्या ग्रिडला चिकटवायच्या. केलं. आई आतल्या खोलीतून म्हणाली, "रात्रीचं शिवणयंत्र कोण चालवतंय?" अन्डू केलं.

मग तालीम, काकूंच्या हॉलमध्ये. मी लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन गेलो, काकूंनी मोबाईलवर तानपुरा लावला, सेक्रेटरी काका नुसतेच बसायला आले. धृपद झकास झालं. पहिला अंतरा सुरू झाला आणि दुसऱ्याच ओळीला काहीतरी खटकायला लागलं, काकू एकीकडे आणि पेटी एकीकडे. काकू थांबल्या, पुन्हा केलं, पुन्हा तेच. सेक्रेटरी काका घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, थोडं वर लागतंय तुमचं." काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मेंटेनन्स थकला असता तरी कोणी कोणाकडे असं बघणार नाही. मग माझ्याकडे वळून, "खरं सांग रे, मी बेसूर गाते की तुझा कॉम्प्युटर?"

मी म्हणालो, "काकू, कॉम्प्युटर कसा बेसूर होईल?"

हे वाक्य मला अजून रात्री आठवतं.

घरी येऊन पियानो रोल उघडला, म्हणजे सगळ्या नोटा जिथे आखलेल्या दिसतात तो पडदा. एकूण एक नोट जागच्या जागी. दोनदा तपासल्या, मोबाईलवरच्या तानपुऱ्याशी लावून बघितल्या, धृपदात बरोबर, अंतऱ्यात नाही, नोट तीच! त्याचं काय आहे, पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं, निघत नाही हे प्रत्येक पेटीवाल्याचं जन्माचं दुःख, त्यामुळे कीबोर्डवर सूर वाकवायचं पिच बेंडचं चाक मिळाल्यापासून मी चार मिनिटांच्या गाण्यात चौदा ठिकाणी मींड घेतली होती. त्यातली एक सोळाव्या बारच्या, म्हणजे सोळाव्या आवर्तनाच्या, शेवटी. चाक खाली ओढलं, सूर खाली आला, चाक सोडलं, सूर परत वर. पण सतराव्या बारपासून मी वाजवलेलं मला आवडलं नव्हतं म्हणून तिथून कापून दुसरा टेक जोडला होता, आणि चाक परत शून्यावर यायचा शेवटचा तुकडा नेमका त्या कापलेल्या भागात गेला. मिडी म्हणजे एकदा सांगितलेलं ऐकणारा प्राणी. वाक म्हणलं तर वाकतो आणि सरळ हो म्हणेपर्यंत वाकलेलाच राहतो. चाक उणे १४०० वर अडकलेलं. उणे ८१९२ म्हणजे पूर्ण दोन पट्ट्या खाली, त्या हिशोबाने माझी पेटी पुढचा अख्खा अंतरा एका पट्टीच्या तिसऱ्या हिश्शाने उतरलेली वाजत होती आणि काकू, बसलेल्या घशाने, तानपुऱ्याला धरून शंभर टक्के सुरात होत्या.

आणि हे दिसत का नाही, तर नोटा दिसतात वर, मोठ्या, रंगीत, आणि ही कंट्रोलरची, म्हणजे चाक-पेडल वगैरेंच्या सूचनांची, भानगड असते खाली एका वेगळ्या लेनमध्ये, जी आपण उघडेपर्यंत बंद असते, आणि उघडली तरी एका वेळी एकच दाखवते, बेंड बघायचा तर पेडल दिसत नाही, पेडल बघायचं तर मॉड्युलेशन, म्हणजे सुराची थरथर, दिसत नाही. घराचं भाडं वेगळं आणि लाईट बिल वेगळं असावं तसं. हा सगळा कारभार १९८३ चा. कपिल देवनं वर्ल्ड कप उचलला त्याच वर्षी वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून हे मिडी ठरलं, आणि २०२० मध्ये त्याचं २.० आलं तरी माझ्या केबलला अजून कोणी कळवलेलं नाही.

तर संतापून मी काय केलं, सतराव्या बारपासून पुढचा सगळ्या ट्रॅकवरचा सगळा कंट्रोलर डेटा निवडला आणि उडवला आणि बेंडचा एक शून्य तेवढा हाताने टाकला. रात्रीचा सव्वा वाजला होता. प्ले दाबून, हेडफोन काढून पाणी प्यायला आत गेलो.

आता स्ट्रिंग्ज मी पायाचं पेडल वापरून वाजवल्या होत्या. पेडल म्हणजे कंट्रोलर ६४, आणि योगायोग असा की त्याचं गणितही ६४ चंच, किंमत ६३ पर्यंत पाय वर, ६४ पासून पाय खाली, मधलं काही नाही. सोळाव्या बारात माझा पाय खाली होता. तो वर यायची सूचना मी नुकतीच उडवली होती. म्हणजे तिथून पुढे वाजलेली प्रत्येक नोट सुटायचं नावच घेईना, एकीवर एक, दिवाळीच्या फराळाच्या डब्यांसारखी रचत गेली. तरी हेडफोनमध्येच वाजलं असतं, पण हेडफोनची पिन निम्मी बाहेर आलेली आणि स्पीकर तालमीला वाढवलेला तसाच.

मी स्वयंपाकघरातून पळत येईपर्यंत ग्रुपवर सेक्रेटरी काकांचा मेसेज आला होता, "पार्किंगमध्ये कोणाच्या गाडीचा हॉर्न अडकला आहे? कृपया तात्काळ बघावे." खाली दोन अंगठे. वॉचमन टॉर्च घेऊन प्रत्येक गाडीपाशी वाकून ऐकत होता हे मी खिडकीतून बघितलं आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी काकूंना जाऊन सांगितलं की तुम्ही सुरात होता, कॉम्प्युटरच बेसूर होता. काकू म्हणाल्या, "हे जरा लिहून दे, ग्रुपवर टाकते." टाकलं. सेक्रेटरी काकांनी तो मेसेज बघितला, उत्तर दिलं नाही.

पुढचे चार दिवस मी लेन एकेक उघडून प्रत्येक बारला पेडल आणि बेंड तपासले. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सगळं निर्धोक झालं, सेव्ह केलं, पेन ड्राईव्हवरही घेतलं, आणि बेल वाजली. दारात काकू, हातात मोदकांचा डबा, चेहरा फुललेला.

"अरे, काढ्याने घसा एकदम मोकळा झाला बघ. काळी पाचच ठेवू या."

काकूंसमोरच सिलेक्ट ऑल केलं, अधिक दोन मारलं आणि ऐटीत प्ले दाबलं. ५४ चे झाले ५६. ५६ म्हणजे काउबेल.

काकूंनी धृपद संपेपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बैलपोळ्याचं पण बसवतोयस का रे काही?"