पाणी बरोबर तोंडात

ज्या गृहस्थांनी मला सिंगापूरच्या मर्लायनसमोर, म्हणजे तोंडातून पाणी सोडणाऱ्या सिंहमुखी माशाच्या पुतळ्यासमोर, ‘काका’ अशी हाक मारली, ते साठीच्या उंबरठ्यावर नव्हते. उंबरठा ओलांडून माजघरात ऐसपैस बसलेले होते. मी 46 वर्षांचा आहे. गोष्ट गेल्या आठवड्यातली असली, तरी मला ती अजून पचलेली नाही.

माझा बेत साधा होता. मर्लायनला तोंडदेखला नमस्कार करायचा, 220 मीटरांचा पादचारी पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या एस्प्लनेडच्या खुल्या रंगमंचावर संध्याकाळचे विनामूल्य गाणे ऐकायचे. 2002 मध्ये सुरू झालेल्या या कलाकेंद्राच्या दोन घुमटांवर ऊन अडवण्यासाठी अॅल्युमिनियमचे 7,000 हून अधिक त्रिकोणी पत्रे बसवले आहेत, आणि त्या काटेरी रूपामुळे तिथले लोक त्याला ‘ड्युरियन’ म्हणतात, म्हणजे फणसासारखे दिसणारे तिकडचे एक काटेरी फळ.

“काका, मराठी ना तुम्ही? पिशवीवरून ओळखलं.” पिशवीवर ‘शुभविवाह’ असे छापलेले होते, नाकारण्याची सोय नव्हती.

“एक फोटो काढा. मी आ करून उभा राहतो. सिंहाचं पाणी बरोबर माझ्या तोंडात पडलं पाहिजे. मागे ते फणस आले पाहिजेत आणि हीसुद्धा आली पाहिजे.”

“फणस नाही, ड्युरियन म्हणतात त्याला.”

“आमच्या परसात तीन झाडं आहेत. फणस मला सांगू नका.”

पहिल्या फोटोत पाणी त्यांच्या कानात गेले. दुसऱ्यात टकलावर असा काही अभिषेक झाला, की हात जोडावेत. तिसऱ्यात पाणी अचूक तोंडात पडले. परंतु वहिनी अर्ध्या कापल्या गेल्या आणि फणस साफ नाहीसे झाले. विषुववृत्तापासून दीड अंशाच्याही आत असलेल्या त्या गावात सदरा पाठीला चिकटला होता, आणि मी परक्या माणसाच्या उघड्या जबड्याकडे रोखून पाहत “थोडं डावीकडे, हनुवटी वर” असे पुटपुटत होतो. एकतिसाव्या फोटोनंतर ते पत्नीला म्हणाले, “काकांचा हात हलतोय गं.” त्यावर ती माउली कळवळून म्हणाली, “दम खाऊ द्या हो त्यांना. वय झालंय.”

त्या क्षणी मला त्या 8.6 मीटर उंचीच्या सिंहमत्स्याविषयी आपुलकी वाटली. 1972 पासून तो नदीच्या मुखाशी उभा होता. पुढे समोर पूल झाला, त्याचे दर्शन झाकले गेले आणि 2002 मध्ये त्याला 120 मीटर सरकवून इथे आणले. कोणी तरी मध्ये येते आणि आपणच हलायचे, हा न्याय त्यालाही चुकलेला नाही. फरक इतकाच, की त्याला कोणी काका म्हणत नाही.

दादाचा काका होताना माणसाला साधी नोटीसही मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. त्यातही नाते जोडले, की काम फुकट करून घेता येते. परदेशात तर ‘मराठी ना तुम्ही?’ या तीन शब्दांवर माणूस अर्धा तास राबवता येतो. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटले नाही, याचाच राग अधिक आहे.

पूल ओलांडून मी धापा टाकत पोहोचलो, तेव्हा टाळ्या चालू होत्या. गाणे कोणते होते, गायले कोणी, काही ठाऊक नव्हते. मीही वाजवल्या. वादक आपापली वाद्ये खोक्यांत भरू लागले आणि मी रिकाम्या होत असलेल्या बाकावर पिशवी उलटी करून, छापील बाजू आत लपवून बसलो.

“अगं, इकडे ये!” मागून ओळखीचा आवाज आला. “काका इथे बसलेत. फणस जवळून काढून घेऊ.”