हायवेवर पेटलेली गाडी आणि आमची घरपट्टी

गेल्या महिन्यात बायपासला एक कार पेटली. आतली माणसं आधीच बाहेर पडली होती, हे नशीब. आमच्या नगरपरिषदेचा बंब आला. होज धरलेल्या पोराच्या तोंडावर ओला रुमाल बांधलेला. सीटचा फोम, वायरी, टायर, सगळं एकदम जळत होतं आणि त्या काळ्या धुरात हा रुमालावर! आग विझल्यावर विचारलं, "बीए सेट नाही का रे?" म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क, धुरात श्वास घ्यायला.

"आहे ना काका. सिलिंडर भरायला गेलाय."

भरलेला असता तरी तो सिलिंडर जेमतेम अर्धा तास पुरतो. म्हणजे सेट दोन हवेत, जादा सिलिंडर हवेत आणि ते भरायचा कॉम्प्रेसर गावातच हवा. हे सगळं येणार कुठून? घरपट्टीत आम्ही अग्निशमन कर भरतो. २००६ च्या कायद्याने बांधकामांवरही अग्निशमन सेवा शुल्क आहे. थोडक्यात, पैसे घरं देतात. ती कार मात्र परजिल्ह्यातली होती आणि जळली गावाच्या हद्दीबाहेर. बंबाचं डिझेल आमचं.

मग गाड्यांनीही थोडं द्यावं की! आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला ११ टक्के रोड टॅक्स आहे. लाखभर रुपये मुकाट्याने भरणाऱ्याला आणखी पाचशे जड नाहीत. (दुचाकीवाल्यांकडून पन्नास घ्या, उगाच ओरड नको.) न्यूझीलंडमध्ये गाडीच्या विम्याबरोबरच अग्निशमन दलाचा आकार घेतात, २०१७ साली तो गाडीमागे वर्षाला ८.४५ डॉलर होता.

मेहुणा म्हणतो, "टोल भरतो तो कशाला?" अरे, टोल रस्त्याचा. टोलवाल्यांची गाडी असते, पण जवळ गाव असलं की फोन गावातच येतो. समृद्धीवर १ जुलै २०२३ च्या रात्री बस पेटून २५ जण गेले. अशा ठिकाणी पत्रा कापायचा कटर किती लवकर पोचतो, त्यावर सगळं असतं.

मला खरी भीती वेगळीच आहे. हा पैसा सर्वसाधारण निधीत गेला की त्यातून गटारं होतील, नाहीतर स्वागतकमान. म्हणून खातं वेगळं हवं आणि त्यातून फक्त सेट, फायर सूट, हातमोजे, कटर. वर्षाचा हिशेब फायर स्टेशनच्या भिंतीवर लावा. १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात गेलेल्या ६६ जवानांसाठी दर १४ एप्रिलला आपण हार घालतोच. हिशेबाचा कागदही त्याच दिवशी लावा.

परवा स्टेशनवरून जाताना डोकावलो. सिलिंडर अजून आलेला नव्हता.