कुलूप, किल्ली आणि हबक्कूक

शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहायचा, हा ठराव आमच्या घरात मीच मांडला होता. कुटुंब एकत्र बसतं, बोलणं होतं, मुलांवर चार चांगले संस्कार होतात वगैरे. प्रत्यक्षात आम्ही सिनेमा पाहत नाही, निवडतो. पाऊण पाऊण तास निवडतो. थोरली (वय १४) जे सुचवते ते मला चालत नाही. मी सुचवते त्यावर ती नाक मुरडते. धाकट्याला (वय ९) कुठल्याही गोष्टीत ड्रॅगन हवा असतो. सासूबाईंना पोटभर रडायचं असतं. नवरा "तुम्ही ठरवा, मला काहीही चालेल" म्हणतो आणि ठरेपर्यंत घोरायला लागतो.

माझ्याकडे एक चाळणी आहे, आणि ती थेट बायबलमधल्या प्रेषित पौलाची आहे. फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचन ८. जे सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय, श्रवणीय, त्याचं मनन करा. ही यादी मनात धरून मी रिमोट हातात घेते. 'सत्य' म्हटलं की निम्मे सिनेमे तिथेच गळतात, ड्रॅगनसकट. 'आदरणीय' म्हटलं की विनोदी गेले. 'शुद्ध' म्हटल्यावर काय उरतं ते सांगायला नको. एकदा सगळ्या चाळण्या लावून खाली फक्त पेंग्विनांवरचा एक माहितीपट उरला. पेंग्विन माणूस धार्मिक दिसतो, पोशाखही साधारण चर्चमधल्या पाळकासारखा, म्हणून मी निर्धास्त होते. पुढे विणीचा हंगाम आला. मी झेप घेऊन पडद्यासमोर उशी धरली.

"आई," थोरली म्हणाली, "पौलाने 'श्रवणीय' म्हटलंय. 'प्रेक्षणीय' म्हटलेलंच नाही. तू सरळ रेडिओ लाव."

संडे स्कूलला मुलांना नियमित पाठवण्याचा हा एक तोटा आहे.

आता कोणी म्हणेल, ख्रिस्ती सिनेमे असतात की, ते दाखवा. दाखवले. त्यात एक चिडका नास्तिक असतो, तो बहुधा प्राध्यापक असतो, आणि तो शेवटच्या वीस मिनिटांत विश्वास ठेवणार हे त्याच्या पहिल्या प्रवेशातच कळतं, कारण घरात त्याने आईचं जुनं बायबल फडताळावर ठेवलेलं असतं. पश्चात्ताप नेहमी पावसात होतो. सिनेमा संपला की मी मुलांकडे आशेने बघते. थोरली जपून म्हणते, "संदेश छान होता." जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने 'पाणी फार गोड होतं' म्हणावं तशी. खरं सांगायचं तर मलाही तो प्राध्यापक सुधारण्याआधीच जास्त आवडत होता.

बायबलच्या गोष्टींच्या कार्टूनवर धाकट्याची वेगळी तक्रार असते. दावीद गोफण फिरवतो, गल्याथ आडवा होतो, मेंढरं नाचतात, संपलं. "पण दावीद त्याचं डोकं कापतो," धाकटा उठून उभा राहतो. "त्याचीच तलवार घेऊन. १ शमुवेल १७. ते का नाही दाखवलं?"

मुलं लहान आहेत म्हणून नाही दाखवलं, असं मी त्या लहान मुलाला समजावून सांगते.

सासूबाईंचं बालपण याहून कडक. त्यांच्या वडिलांनी घरात रेडिओ येऊ दिला नव्हता, कारण त्यातून सिनेमाची गाणी येतात आणि गाण्यांच्या मागून सैतान. सासूबाईंनी ती सगळी गाणी शेजारच्या भिंतीला कान लावून पाठ केली. आजही स्तोत्र म्हणता म्हणता चाल घसरते. आता त्या रोज संध्याकाळी एक मालिका पाहतात, जिच्यात एकाच घरातली माणसं दर आठवड्याला एकमेकांना विष देतात. मी त्यावर काही बोललेले नाही, कारण आपण चाळणी लावायची ती खालच्या पिढीला. वरच्या पिढीला लावली तर घर चालत नाही. एकदा मात्र कौटुंबिक प्रार्थनेत त्यांनी आजाऱ्यांची नावं घेता घेता म्हटलं, "आणि हे प्रभू, ती पोर आठवडाभर बेशुद्ध आहे, तिला शुद्धीवर आण." आम्ही सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, कोण, हे दुसऱ्या दिवशी मालिका लागल्यावर कळलं. सोमवारी ती शुद्धीवर आली. सासूबाईंनी आभाराची प्रार्थनाही केली.

तर कुलूप. टीव्हीला मुलांसाठी चार आकडी कुलूप घालता येतं, हे मला उशिरा कळलं. आकडा काय ठेवायचा? विसरणार नाही असा, आणि आपल्या विश्वासाशी सुसंगत. मी ०३१६ ठेवला. योहान ३:१६. धाकट्याने तो पहिल्या झटक्यात उघडला. "तूच पाठ करून घेतलंस," तो म्हणाला, आणि वर वचन म्हणून दाखवलं, एकही चूक न करता. मग मी ००२३ ठेवला, स्तोत्र २३. परमेश्वर माझा मेंढपाळ. तोही गेला. तेव्हा मात्र मी ठरवलं, की असं वचन शोधायचं जिथे हा पोरगा दहा वर्षं तरी पोचणार नाही. मी जुन्या कराराच्या टोकाला गेले, जिथे लहान संदेष्टे राहतात आणि जिथे सहसा कोणी चुकूनही जात नाही. हबक्कूक, अध्याय ३, वचन १७. अंजिराचं झाड फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, तरी मी आनंद करीन, असा तो भाग. ०३१७. सुंदर वचन. कोणाच्या बापाला सापडणार नाही.

पुढचे चार दिवस घरात एक चमत्कार दिसला. धाकटा शाळेतून आला की बायबल उघडून बसायचा. कडेला वही, वहीत आकडे. सासूबाईंनी फोन करून चार जणींना सांगितलं. मला कारण ठाऊक होतं, पण मीही गप्प राहिले. हेतू काहीही असो, पोरगं यहेज्केलापर्यंत पोचलं होतं.

पाचव्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. चेहरा उजळलेला.

"आई, तू एहूद वाचलायस?"

मी सावध झाले. शास्ते, अध्याय ३. वाचलाय, पण मोठ्याने नाही.

"तो डावखुरा असतो, म्हणून तो तलवार उजव्या मांडीला बांधतो, म्हणजे कोणाला संशय येत नाही. आणि तो एग्लोन राजा इतका जाडा असतो की तलवार मुठीसकट आत जाते आणि चरबी वरून बंद होते! आणि नोकर बाहेर थांबून राहतात, कारण त्यांना वाटतं राजा शी करतोय!"

एवढा आनंद त्याला ड्रॅगननेही दिला नव्हता. तिथून त्याने मला याएलीची गोष्ट सांगितली, जी झोपलेल्या सेनापतीच्या कानशिलात तंबूची मेख ठोकते. हातोड्याचा आवाजही काढून दाखवला. मग २ राजे, अध्याय २. पोरं अलीशा संदेष्ट्याला 'टकल्या, टकल्या' म्हणून चिडवतात, आणि रानातून दोन अस्वलं येऊन त्यांच्यातल्या ४२ जणांना फाडतात. हे सांगून झाल्यावर तो बाहेरच्या खोलीत गेला आणि पेपर वाचणाऱ्या बापाच्या डोक्याकडे बराच वेळ नव्या आदराने पाहत राहिला.

रात्री झोपताना त्याने विचारलं, "आई, टीव्हीवर लिहिलेलं असतं ना, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील. बायबल कितीवरचं आहे?"

मी दिवा घालवला. दुसरा काही उपाय सुचला नाही.

नेमक्या याच आठवड्यात पाळकसाहेबांनी मला रविवारी 'पालक आणि पडदा' या विषयावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं. मीच का, तर माझी थोरली उपासनेत फोन काढत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. (फोन त्या वेळी माझ्या पर्समध्ये असतो.) मग मी रीतसर वाचायला बसले, आणि मला कळलं की या नोकरीत माझ्याआधी बरीच माणसं होऊन गेली आहेत.

हॉलिवूडने १९३० साली एक आचारसंहिता स्वीकारली, तिच्या मसुद्यात एका जेझुइट धर्मगुरूचा हात होता. १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, चुंबनं आवरती घ्यावीत, धर्मगुरूला विनोदी पात्र किंवा खलनायक करू नये. १९६८ मध्ये ती जाऊन तिच्या जागी वयानुसार श्रेणी आल्या. म्हणजे जे काम मी उशी घेऊन एकटी करते, ते तीसेक वर्षं एक अख्खं कार्यालय पगार घेऊन करत होतं. हे वाचून मला पहिल्यांदा स्वतःची कीव आली.

त्याच्याही मागे, इ. स. २०० च्या सुमाराला, कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन. याने खेळतमाशांविरुद्ध एक पुस्तकच लिहिलं आहे, आणि वाचताना मला सारखा सासूबाईंच्या वडिलांचा भास होत होता. तो सांगतो, एक ख्रिस्ती बाई नाटकाला गेली आणि परतली ती अंगात भूत घेऊन. भुताला दरडावलं, की विश्वासणारीला धरायची तुझी हिंमत कशी झाली? भूत म्हणालं, मी काही चूक केली नाही; ती मला माझ्याच हद्दीत सापडली. एवढं मुद्देसूद भूत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पण हाच टर्टुलियन पुस्तकाच्या शेवटी काय म्हणतो? की थांबा जरा, खरा तमाशा न्यायाच्या दिवशी आहे; तिथे मोठमोठे राजे, तत्त्वज्ञ आणि नट आगीत ओरडताना बघू, तेव्हा काय मजा येईल. म्हणजे तिकीट रद्द केलेलं नाही. पुढच्या तारखेचं दिलंय.

अलिपियस मला शनिवारी रात्री भेटला. (त्या संध्याकाळी सिनेमा झालाच नाही, कारण कुलपाचा आकडा मी विसरले होते. अंजिराचं झाड आठवत होतं, ते कुठल्या पुस्तकात लावलंय ते आठवेना. सगळं घर अंजीर शोधत असताना धाकटा शांतपणे म्हणाला, "०३१७." कसं सापडलं, विचारलं, तर म्हणाला, वाचून नाही, बुधवारीच ०३१६ दाबताना बोट घसरलं.) हा अलिपियस संत ऑगस्टीनचा मित्र. त्याची गोष्ट ऑगस्टीनने 'कबुलीजबाब'च्या सहाव्या भागात लिहिली आहे. तो रोमला कायदा शिकायला गेला. मित्रांनी त्याला ओढत ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहायला नेलं. तो म्हणाला, शरीर न्या, पण माझे डोळे आणि मन तुमच्या हाती लागणार नाही. आणि खरोखर डोळे गच्च मिटून बसला. ऑगस्टीन म्हणतो, कानही मिटून घेतले असते तर! आखाड्यात कोणीतरी पडलं, सगळी गर्दी एकदम ओरडली, आणि याने डोळे उघडले. नुसतं बघू या, काय झालं ते, एवढ्याच हिशोबाने. मग ते मिटेचनात. बघत राहिला, ओरडत राहिला. पुढे तो पुन्हा पुन्हा गेला, आणि दुसऱ्यांनाही ओढून घेऊन गेला. हाच माणूस नंतर बिशप झाला.

मी वाचताना थांबले. उशीमागे डोळे मिटून बसलेला धाकटा दर वेळी विचारतो, "आई, संपलं का? मला ऐकू येतंय." मी त्याला कधी कान झाकायला सांगितलंच नव्हतं. माझ्या वीस मिनिटांचा गाभा मला मिळाला होता. मी तो नीट लिहून काढला, वही मिटली. साडेदहा झाले होते. घर झोपलं होतं.

एक भाग बघावा म्हटलं. मी सध्या एक गुन्हेगारी मालिका बघते आहे, हे मंडळीत कोणाला सांगितलेलं नाही. घरातही नाही. कानात इअरफोन घालते, पडद्याचा उजेड कमी करते, आणि मनाशी म्हणते की यात माणसाच्या पतित स्वभावाचं फार बारकाईने दर्शन घडतं. सातवा भाग संपला तो तळघराचं दार उघडताना. खाली कोपऱ्यात आकडे धावायला लागले, पुढचा भाग ५ सेकंदांत, ४, ३. थांबवायचं बटण मला माहीत आहे. ते डावीकडे आहे.

नवव्या भागाच्या मध्यावर खांद्यावर हात पडला. सासूबाई. पाणी प्यायला उठल्या होत्या. मी इअरफोन खेचून काढले आणि 'उद्याच्या भाषणासाठी' असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग शेजारी टेकल्या आणि एक इअरफोन उचलून स्वतःच्या कानात घातला.

"मेहुण्याने मारलंय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"बाराव्या भागापर्यंत झालंय माझं. दुपारी तू नसतेस ना. कुलूप धाकट्याने काढून दिलं."

आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. तळघरात कोणीतरी बॅटरी घेऊन उतरत होतं.

"उद्या काय सांगणार आहेस गं मंडळीला?"

"अलिपियसची गोष्ट. खेळ बघायचा नाही म्हणून डोळे मिटून बसलेला एक माणूस होता."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "मग कोण जिंकलं, ते त्याला कळलं की नाही?"